हवा बघणे

हरिपुरात पेव उघडलं की
आप्पा लगेच कुणाला आत उतरू देत नसत.
तोंडावरची माती बाजूला करून
अर्धा दिवस नुसतं बसून राहायचं,
मग दोरीला कंदील.
बारा-पंधरा हात खाली, कोंडलेल्या हळदीच्या अंधारात
ज्योत तगली तर माणूस जाणार,
विझली तर पुन्हा तंबाखू मळत बसायचं.
घाई करणाऱ्या व्यापाऱ्याला म्हणत,
हळद थांबती, शेठ. गडी थांबत न्हाई.

आता आप्पाच पिवळे.
डोळे, नखं, उशीचा अभ्रासुद्धा.
मिरजेच्या डॉक्टरांनी फाईल मिटली, चष्मा काढला,
म्हणाले, आता बरं करणं नाही. बरं वाटणं बघू.

पुण्याहून धाकट्यानं तक्ता पाठवला.
जागा तीन, रकाने अकरा:
खाटा, दिवसाचा दर, डॉक्टर किती वाजता येतात,
मॉर्फिन ठेवायचा परवाना, ऑक्सिजन, पार्किंग.
अक्का, तू दहापैकी मार्क टाक, बेरीज मी करतो.
चुकीचं काही नव्हतं.
परवान्याचं तर मला सुचलंच नसतं.

विश्रामबागेतल्या पहिल्या जागी कारंजं होतं
आणि बाई इतकं गोड बोलत होत्या
की इथं कुणी मरतं का, हे विचारायचं मी विसरले.
दुसरीकडं स्वच्छ. फिनेलचा वास.
खाटेच्या दांडीला एका म्हातारीचं मनगट
पट्टीनं बांधलेलं.
नळी ओढतात हो, म्हणाले. पट्टी मऊ आहे, हात लावून बघा.
मी हात लावून बघितला.
मऊच होती.

तिसरी जागा बुधगावच्या रस्त्याला, जुनं बियाणांचं गोदाम.
दिवसा बघून काही कळलं नाही.
म्हणून रात्री अडीचला गेले, न सांगता,
भाच्याच्या मोटरसायकलवर मागं बसून.
आत मुजावर सिस्टर एका माणसावर वाकलेल्या.
त्याचे डोळे अर्धे, तोंड उघडं,
तीन दिवस शुद्ध नाही, हे नंतर कळलं.
काका, कूस बदलू का?
आणि त्या थांबल्या.
उत्तर येणार नव्हतं. तरी थांबल्या,
आत कुणी शब्द जुळवत असेल
तर त्याला लागेल तेवढा वेळ.
मग हळूच वळवलं, ओला बोळा ओठांना लावला
आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या,
कोण वं तुम्ही? चप्पल भाईर काढा.

तक्त्यात याला रकाना नव्हता.

आप्पांना तिथंच नेलं.
सगळं गोड झालं असं नाही. आमटी पाण्यासारखी,
आणि डास, काही विचारू नका.
एका रविवारी औषधाला चाळीस मिनिटं उशीर झाला
आणि चाळीस मिनिटं आप्पांनी चादर दातात धरली.
मी भांडले. वाईट भांडले.
दुसऱ्या दिवशी वही मागितली तर
लाल शाईत आधीच लिहिलेलं:
उशीर ४० मि. चूक आमची. किल्ली घेऊन माणूस जेवायला गेला.
आजपासून किल्ल्या दोन.
खाली सही, वाचता येईल अशी.

नवव्या दिवशी पहाटे
आप्पा कितीतरी वेळ पत्र्याकडं बघत होते.
पाणी देऊ? मान हलली, नको.
मग घसा खाकरून,
पेवाच्या तळातून वरच्या गड्यांना सांगावं तसं,
जरा मोठ्यानंच म्हणाले,
हवा हाय.

धाकटा अजून विचारतो, दहापैकी किती.
काल माधवनगरच्या बिरनाळेबाई आल्या,
सासऱ्यांची फाईल भाजीच्या पिशवीत घालून.
कसं काय आहे हो तिथं?
मला पेवाचं सांगायचं होतं, कंदिलाचं,
पण त्यांना परतीची बस होती.
मी म्हटलं, रात्री जा. न सांगता.
दारात उभ्या राहा, बोलू नका.
आणि मच्छरदाणी घरची न्या.